हुजूरांचं नाव रागावताना घेऊ नका

विजापूर वेशीपासून चालत पाच मिनिटांवर माझं घर आहे आणि घराच्या पुढच्या खोलीत टॉवेलचं दुकान. एप्रिल-मे महिन्यात दुपारी बारा ते चार सोलापुरात कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही, मग गिऱ्हाईक कुठून येणार? त्या वेळात नातवंडं माझ्या ताब्यात असतात. नात सात वर्षांची, तिला आम्ही छोटी म्हणतो. नातू अकरा वर्षांचा, तो बाबू. त्यांना दीन, म्हणजे आपला धर्म, शिकवायचा म्हणून मी काय काय केलं आणि त्यातलं काय जमलं, ते इथं लिहितो. मी मौलवी नाही. मसल्याचा, म्हणजे धर्माच्या नियमाचा, प्रश्न असेल तर आपल्या मशिदीतल्या इमामसाहेबांना विचारा.

गेल्या वर्षी रमजानच्या आधीची गोष्ट. छोटी डाव्या हाताने भजी खात होती. मी गल्ल्यावरूनच ओरडलो, "सीधे हात से खा, सुन्नत है!" सुन्नत म्हणजे पैगंबरसाहेबांची रीत. तिने मुकाट्याने हात बदलला, दोन घास खाल्ले आणि विचारलं, "दादा, पैगंबरसाब हमेशा गुस्सेमेच रहते थे क्या?"

मला उत्तर सुचलं नाही. त्या आठवड्यात मी मनातल्या मनात नोंद ठेवली, आमच्या घरात हुजूरांचं, म्हणजे पैगंबर मुहम्मद (स.) यांचं, नाव कधी कधी निघतं याची. उभ्याने पाणी प्यायलं की. मशिदीत दंगा केला की. खोटं बोललं की. मोठ्यांना सलाम केला नाही की. प्रत्येक वेळी आवाज चढलेला आणि बोट रोखलेलं. जुम्म्याच्या खुतब्यात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, आम्ही 'रहमतुल्लिल आलमीन' ऐकतो, म्हणजे साऱ्या जगासाठी रहमत, दया. आणि घरी या पोरीला वाटत होतं की मदिन्यात कोणी कडक हेडमास्तर होऊन गेले.

म्हणून पहिलं काम हे करा. चाळीस दिवस घरात कोणीही मुलांना रागावताना हुजूरांचं नाव घ्यायचं नाही. रागवायचं असेल तर आपल्या नावाने रागवा: "मला हे आवडत नाही, उजव्या हाताने खा." वाटतं तितकं हे सोपं नाही. आमच्याकडे गाठोडी बांधायची सुतळी असते. तिचा एक तुकडा मी खिळ्याला टांगला आणि ज्याची जीभ घसरेल त्याने एक गाठ मारायची असं ठरवलं. चाळीस दिवसांत तेवीस गाठी पडल्या. त्यातल्या सतरा माझ्या.

त्या चाळीस दिवसांत दुसरं काम असं की ज्या हदीसवरून (हुजूरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदीवरून) आपण ओरडतो ती मूळ कशी घडली ते नीट समजून घ्यायचं. उजव्या हाताचंच घ्या. उमर बिन अबी सलमा हा हुजूरांच्या घरात वाढलेला सावत्र मुलगा. जेवताना त्याचा हात ताटभर फिरायचा. हुजूर त्याला म्हणाले, मुला, अल्लाहचं नाव घे, उजव्या हाताने खा आणि आपल्या पुढ्यातलं खा. तीन छोटी वाक्यं, तीही शेजारी बसून, एकाच ताटात जेवताना. पुढे मोठेपणी उमर सांगायचे की तेव्हापासून मी तसाच जेवत आलोय. मी ती वाक्यं माझ्या आवाजात म्हणून पाहिली. पहिल्या वेळी बायको म्हणाली, "हे पण ओरडल्यासारखंच वाटतंय." चौथ्या-पाचव्या वेळी जमलं.

आता गोष्टींकडे वळू. बरेच लोक सीरत, म्हणजे हुजूरांचं चरित्र, सांगायला बसले की जंगांपासून सुरुवात करतात, नाहीतर मोजिज्यांपासून, म्हणजे चमत्कारांपासून. मी दोन्ही मागे ठेवलं. मोजिजा सांगितला की पोरं दुसऱ्या दिवशी त्याहून मोठा मागतात आणि गोष्टीचं कार्टून होऊन जातं. सुरुवात मुलांच्या गोष्टींपासून करा. हुजूरांच्या आयुष्यात मुलं जागोजागी आहेत. नमाजमध्ये त्यांनी आपली नात उमामा खांद्यावर घेतली होती. सजद्याला (कपाळ जमिनीला टेकवायला) जाताना खाली ठेवायची, उठताना पुन्हा उचलायची. एकदा सजद्यात नातू पाठीवर चढला, तर त्याचं खेळून होईपर्यंत सजदा लांबवला. मागच्या ओळीत एखादं तान्हं रडायला लागलं तर त्याच्या आईचा जीव खालीवर होईल म्हणून नमाज आटोपती घेतली. हे छोटीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "और अपने मस्जिद में तो बच्चों को पीछे भगाते." यावरही माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण सगळ्या गोष्टी एका दमात सांगून टाकू नका. हे मी चुकून शिकलो. एक-एक गोष्ट खिशात ठेवा आणि तिची गरज पडेल त्या दिवशी काढा. मंगळवार बाजारात उन्हाळ्याच्या आधी रंगवलेली कोंबडीची पिल्लं विकायला येतात, हिरवी, गुलाबी. छोटीने हट्टाने एक आणलं. चौथ्या दिवशी ते मेलं. घरातले सगळे हसले, "मरणारच होतं ते." छोटी पलंगाखाली जाऊन बसली. मी पलंगाशेजारी फरशीवर बसलो आणि तिला अबू उमैरची गोष्ट सांगितली. हजरत अनस यांचा धाकटा भाऊ, लहानगा. त्याच्याकडे नुगैर नावाचा चिमणीएवढा पक्षी होता. तो मेला. हुजूर घरी आले, पोरगं उदास बसलेलं पाहिलं आणि त्याला म्हणाले, "या अबा उमैर, मा फअलन्नुगैर?" म्हणजे, अबू उमैर, तुझ्या नुगैरचं काय झालं? उमैर आणि नुगैर, यमक जुळवून. ज्यांच्या अंगावर सगळ्या उम्मतीची, साऱ्या मुसलमानांची, जबाबदारी होती ते एका पोराला त्याच्या चिमणीबद्दल विचारत होते. पलंगाखालून आवाज आला, "फिर से बोलो." मी फिर से बोललो. ती ओळ तिला आजही पाठ आहे. मला ती शिकवावी लागली नाही.

त्या दिवसाआधी महिनाभर मी हीच गोष्ट सांगितली असती तर एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडली असती.

बाबूसाठी खिशात अनस होते. दहा वर्षं त्यांनी हुजूरांची खिदमत केली, आणि त्यांचंच सांगणं आहे की या काळात हुजूर मला एकदाही 'उफ्' म्हणाले नाहीत. हे का केलंस, ते का नाही केलंस, असंही नाही. एकदा हुजूरांनी त्यांना कामाला पाठवलं. वाटेत बाजारात मुलं खेळत होती, अनस तिथेच रेंगाळले. मागून कुणीतरी मान धरली. वळून पाहतात तर हुजूर, आणि ते हसत होते. लाडाने हाक मारून म्हणाले, "उनैस, सांगितलं होतं तिकडे गेलास का?"

रमजानमध्ये एका संध्याकाळी बाबूला बर्फ आणायला पाठवलं. मगरीबला, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजला, दहा मिनिटं उरली तरी पत्ता नाही. मी शोधायला निघालो तर गल्लीच्या टोकाला साहेब क्रिकेट बघत उभे, हातातल्या पिशवीतून पाणी गळतंय. रोजा, उन्हाने तापलेलं डोकं, आणि माझा हात उठायच्या बेतात. मग मी मागून हलकेच त्याची मान धरली. हसू काही येत नव्हतं, पण दात तरी दाखवले. घरी येता येता त्याला अनसची गोष्ट सांगितली. त्या दिवशी सरबत कोमटच प्यावं लागलं. खरं सांगायचं तर दर वेळी असं जमत नाही. दहातल्या तीन वेळा जमलं तरी मुलांच्या लक्षात राहतं.

यानंतरची पायरी मला सगळ्यात आवडते, कारण ती आमच्या सोलापूरसाठीच केल्यासारखी आहे. आमच्याकडे नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येतं. उजनी भरलेलं असलं तरी घरातली पिंपं आम्हीच भरून ठेवायची. आणि त्याच घरात वजू करताना, म्हणजे नमाजआधी हातपाय-तोंड धुताना, नळ मोकळा सोडलेला. हदीसमध्ये आहे की हुजूर एक 'मुद' पाण्यात वजू करत. मुद म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाची दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. आजच्या मापात धरलं तर साधारण पाऊण लिटरच्या आत.

हे मुलांना तोंडी सांगू नका, मोजून दाखवा. मी नळाखाली बादली ठेवून नेहमीसारखं वजू केलं आणि मग बाबूने लिटरच्या मापाने बादलीतलं पाणी मोजलं. साडेपाच लिटर. बाबूचे डोळे मोठे झाले. माझेही झाले, पण मी दाखवलं नाही. मग पाऊण लिटरची बाटली घेतली, ती बधन्यात (तोटीच्या लोट्यात) ओतली आणि तेवढ्यात पुरवायचा प्रयत्न केला. पहिल्या दिवशी डावा पाय धुवायच्या आत पाणी संपलं. युक्ती अशी: धार करंगळीएवढी ठेवायची, पाणी आधी ओंजळीत घ्यायचं आणि मग चेहऱ्याला लावायचं, कोपरापर्यंत हात धुताना दुसऱ्या हाताने पाणी पसरवत न्यायचं. तीनदा धुणं सुन्नत आहे, पण पाणी कमीच असेल तर एकदा नीट धुतलं तरी वजू होतं. आठवड्याभरात बाबूला पाऊण लिटरमध्ये जमलं. मला एक लिटर लागतं. गुडघे वाकत नाहीत, त्यात थोडं सांडतं. अंघोळीचंही माप हदीसमध्ये आहे, एक 'साअ', म्हणजे चार मुद, फार तर पाच. ते मी घरात अजून काढलेलं नाही. सून ऐकून घ्यायची नाही.

आता जरा अवघड भाग, माझ्या धंद्याचा. टॉवेलच्या धंद्यात फर्स्ट माल आणि सेकंड माल असतो. सेकंड म्हणजे कुठे लूप सुटलेला, कुठे काठ वाकडा, कुठे मागावरच्या तेलाचा डाग. सेकंड विकण्यात गैर काही नाही, सेकंड म्हणून विकला तर. एका रविवारी मी मुलांना धान्यवाल्याची गोष्ट सांगितली. हुजूर बाजारातून जात होते, धान्याच्या ढिगात हात घातला तर आतलं धान्य ओलं. विचारलं, हे काय? तो म्हणाला, पावसात भिजलं. हुजूर म्हणाले, मग ते वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं? जो फसवतो तो आमच्यातला नाही.

मंगळवारी लातूरचं एक गिऱ्हाईक आलं. चार डझनांचा सौदा. मी डझन बांधताना वर चांगले आणि मधे पाच-सहा लूप सुटलेले सरकवले. तीस वर्षांची सवय, हात आपोआप चालतो. बाबू नग मोजत होता. तो थांबला आणि माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "दादा, ये गीले गेहूँ है ना?"

अशा वेळी दोनच रस्ते असतात. "गप्प बस, मोजायचं काम कर" म्हटलं असतं तर रविवारची गोष्ट तिथेच पुसली गेली असती आणि पुढच्या सगळ्या गोष्टीही. मी गाठोडं सोडलं, खराब नग वर काढून ठेवले आणि गिऱ्हाइकाला दाखवले. त्याचा लॉज होता. तो म्हणाला, हे पण द्या, भाव कमी करा. तीनशे ऐंशी रुपये गेले. तेव्हा माझा सल्ला असा की व्यवहाराच्या गोष्टी सांगण्याआधी आपल्या फळीवरचा माल एकदा तपासा. मुलं हिशेब मागणारच. हुजूरांना मक्केवाले नबुव्वतीच्या, म्हणजे पैगंबर होण्याच्या, आधीपासून 'अमीन' (विश्वासू) म्हणायचे. जिवावर उठलेल्या त्याच मक्केवाल्यांच्या ठेवी परत करायला त्यांनी हिजरतच्या रात्री, म्हणजे मक्का सोडून मदिन्याला निघताना, आपले चुलत भाऊ हजरत अलींना मागे ठेवलं. ही गोष्ट सांगणारा माणूस मापात मारत असेल तर त्याने ती न सांगितलेली बरी.

सांगायच्या गोष्टी पारखूनही घ्या. रोज अंगावर कचरा टाकणारी म्हातारी आणि ती आजारी पडल्यावर हुजूर तिला भेटायला गेले, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो, मुलांनाही सांगून बसलो. नंतर एका जाणत्या आलिमांनी (धर्मपंडितांनी) सांगितलं की हदीसच्या मान्य ग्रंथांत ती नाही. मी दुसऱ्या दिवशी मुलांना म्हटलं, मी सांगितलेली गोष्ट पक्की नव्हती, सोडून द्या. छोटी हिरमुसली, तिला म्हातारी आवडली होती. पण हुजूरांच्या नावावर आपल्या मनाचं काही खपवायचं नाही, हेही त्यांना समजायला हवं. मशिदीत लघवी करणाऱ्या गावरान माणसाची गोष्ट मात्र पक्की आहे. लोक त्याच्यावर धावून गेले, हुजूर म्हणाले, होऊ द्या त्याचं, मग बादलीभर पाणी ओता. मुलांना ती म्हातारीपेक्षा जास्त आवडते, कारण तिच्यात लघवी आहे.

चित्रांचा प्रश्न येतोच. छोटीला रंगकामाचा नाद. तिने एकदा विचारलं, हुजूरांचं चित्र काढू? नुसतं "तौबा तौबा" करून तिला घाबरवू नका. मी म्हटलं, त्यांचं चित्र आपण काढत नाही. ते मनात राहतात, कागदावर नाही. तू नुगैर काढ, खजुराचं झाड काढ, हुजूरांची कसवा उंटीण काढ. आमच्या शटरच्या आतल्या बाजूला सध्या एक निळी उंटीण चिकटवलेली आहे. तिला पाच पाय आहेत.

शेजाऱ्यांबद्दल हदीस आहे की रस्सा करशील तेव्हा पाणी जास्त घाल आणि शेजाऱ्याची आठवण ठेव. आमच्या एका बाजूला पद्मशाली कुटुंब, समोर लिंगायत. लिंगायतांकडे मटणाचा रस्सा कसा पाठवणार? त्यांच्याकडे खजूर जातात, तिकडून संक्रांतीला शेंगापोळी येते. नेऊन द्यायचं काम मुलांचंच, आणि रिकामी वाटी परत आणायचंही.

मिलादबद्दल, म्हणजे हुजूरांच्या जन्मदिवसाबद्दल, घरोघरी वाद असतात, आमच्याकडेही आहे. आमची आई त्याला शेवटपर्यंत बारावफात म्हणायची, घरी गोड करायची. मला जुलूस आवडतो, डीजे आवडत नाही. माझा धाकटा भाऊ म्हणतो, मुळात हा दिवस साजराच करू नये. मुलांसमोर आम्ही दोघं यावर बरंच भांडलो, त्याची आता लाज वाटते. तोडगा सापडला तो हदीसमध्येच. हुजूरांना सोमवारच्या रोज्याबद्दल विचारलं, तर म्हणाले, त्या दिवशी माझा जन्म झाला. आता रबीउल अव्वलमध्ये, म्हणजे मिलादच्या महिन्यात, आम्ही दोघं भाऊ सोमवारचा रोजा धरतो आणि इफ्तारला एकत्र बसतो. त्या दिवशी वादाचा विषय काढायचा नाही. २०२३ साली २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, तेव्हा महाराष्ट्रात ठिकठिकाणी लोकांनी जुलूस एक दिवस पुढे ढकलला. हेही मी बाबूला सीरतचा धडा म्हणूनच सांगतो.

मोबाईल हाती आलेल्या मुलांशी एक बोलणं आधीच करून ठेवा. कुठूनतरी हुजूरांबद्दल वाईट लिहिलेलं त्यांच्यापर्यंत येणारच. रक्त तापणार, आणि ते स्टेटसला लावून आणखी शंभर जणांना दाखवणार. बाबूला मी तायफची गोष्ट सांगितली. हुजूर त्या गावी दीन सांगायला गेले होते. तिथल्या पोरांनी दगड मारून मारून त्यांचे पाय रक्तबंबाळ केले होते. त्या लोकांना चिरडून टाकू का, असं फरिश्त्याने विचारलं तेव्हा हुजूर म्हणाले, नको, यांच्या पोटी अल्लाहला मानणारे निपजतील. मग बाबूला सांगितलं, असलं काही आलं तर पुढे पाठवायचं नाही, उत्तर लिहायचं नाही, फोन घेऊन माझ्याकडे यायचं. आतापर्यंत तो एकदा आला. आम्ही दोघांनी दहा वेळा दरूद (हुजूरांसाठीची दुआ) पढला, ते काढून टाकलं आणि चहा प्यायलो.

भाषेचं थोडक्यात सांगतो. घरी आम्ही दखनी बोलतो, मुलं मराठी शाळेत जातात, उर्दू त्यांना अडखळत वाचता येते. म्हणून मी सीरत मराठीतूनही वाचून दाखवतो. काहींना वाटतं, मराठीत सांगितलं की अदब कमी होते. मला तसं वाटत नाही. पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली याच सोलापुरात भरलं होतं, आपण काही परक्या भाषेत बोलत नाही. एवढंच करा: नाव आलं की थांबा, दरूद म्हणा, मुलांनाही म्हणू द्या, मग पुढचं वाक्य. सुरुवातीला गोष्टीची लय तुटते. नंतर मुलं त्या थांबण्याची वाटच पाहतात.

चाळीस दिवस संपल्यावर मी सुतळी काढायला गेलो तर छोटीने काढू दिली नाही. तिने स्वतःच दुसरी सुतळी टांगली आहे, आणि ती फक्त माझ्यासाठी. आवाज चढला की एक गाठ, वजूला बाटलीपेक्षा जास्त पाणी घेतलं की एक. या महिन्यात आजपर्यंत अकरा झाल्यात. त्यातल्या दोन मला मान्य नाहीत. त्या वेळी नळ बाबूने उघडा ठेवला होता.